आत्ता काय चालले आहे, ते इंग्रजीत कसे सांगावे?

ही दोन वाक्ये नीट वाचा. ‘द पोस्ट इज ऑन फायर.’ ‘द पोस्ट इज अंडर फायर.’ फरक एका छोट्या शब्दाचा आहे. पहिल्या वाक्यातली चौकी जळत आहे. तिला पाणी आणि वाळू हवी. दुसऱ्या वाक्यातल्या चौकीवर गोळीबार होत आहे. तिला कुमक हवी. रेडिओवर ऐकणाऱ्याला चौकी दिसत नाही. त्याला ‘ऑन’ किंवा ‘अंडर’ एवढेच ऐकू येते आणि त्यावरून काय पाठवायचे ते ठरते.

आपण मराठी घरांतून आलेले कॅडेट बहुतेक वेळा मराठीत विचार करतो आणि इंग्रजीत बोलतो. यात वाईट काही नाही. मात्र काही ठिकाणी मराठीची वाट आणि इंग्रजीची वाट वेगळी होते. ती वळणे ओळखून ठेवली, तर समोरची परिस्थिती सांगताना अडखळायला होत नाही. अशी सहा वळणे येथे देत आहे.

1. बसला आहे, उभा आहे, घातले आहे

एसएसबीच्या पीपीडीटी या चाचणीत एक अंधुक चित्र 30 सेकंद दाखवतात आणि मग 4 मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची असते. चित्र पाहून आपल्या मनात येते, ‘एक माणूस खुर्चीवर बसला आहे. त्याने टोपी घातली आहे.’ याचे शब्दशः इंग्रजी केले तर ‘ही हॅज सॅट’ आणि ‘ही हॅज वोर्न अ कॅप’ असे होते. बरोबर इंग्रजी आहे ‘ही इज सिटिंग ऑन अ चेअर’ आणि ‘ही इज वेअरिंग अ कॅप’.

असे का? मराठी बसण्याची क्रिया संपली असे धरते आणि तिचा परिणाम सांगते. इंग्रजी बसून राहणे हीच चालू क्रिया मानते. म्हणून शरीराची स्थिती आणि अंगावरचा पोशाख सांगताना मराठीत ‘-ला आहे’ आले तरी इंग्रजीत ‘आयएनजी’ लावा. बसला, झोपला, टेकला, घातला हे सगळे त्यात आले. येणे, जाणे, थांबणे यांना मात्र हा नियम लागत नाही. ‘ट्रक आला आहे’ म्हणजे ‘द ट्रक हॅज अराइव्ड’ आणि ‘ट्रक येत आहे’ म्हणजे ‘द ट्रक इज कमिंग’. येथे दोन्ही भाषा एका पावलाने चालतात.

2. दिसत आहे, ऐकू येत आहे

येथे उलटे होते. मराठीत ‘-त आहे’ असते, पण इंग्रजीत ‘आयएनजी’ चालत नाही. ‘मला धूर दिसत आहे’ याला ‘आय ॲम सीइंग स्मोक’ म्हणत नाहीत. ‘आय कॅन सी स्मोक’ म्हणतात. ‘मला इंजिनाचा आवाज ऐकू येत आहे’ म्हणजे ‘आय कॅन हिअर ॲन इंजिन’. नो, नीड, बिलीव्ह, बिलाँग ही क्रियापदेही याच घरातली.

‘हॅव’कडे जरा जास्त लक्ष द्या. आपल्याजवळ वस्तू आहे असे सांगायचे तर ‘वुई हॅव टेन राउंड्स’. पण ‘वुई आर हॅविंग ब्रेकफास्ट’ हेही बरोबर, कारण तेथे ‘हॅव’चा अर्थ खाणे असा आहे. मेसमध्ये हे दोन्ही ‘हॅव’ एका टेबलावर भेटतात.

3. एक ‘पासून’, दोन शब्द

‘मी 2022 पासून येथे आहे’ आणि ‘मी तीन वर्षांपासून येथे आहे’. मराठीत दोन्हीकडे ‘पासून’ आहे. इंग्रजीत पहिल्याला ‘सिन्स’ आणि दुसऱ्याला ‘फॉर’ लागते. ओळखायची युक्ती मराठीतच सापडते. ‘पासून’ काढा आणि सुरुवातीला ‘गेली’ लावून पाहा. ‘मी गेली तीन वर्षे येथे आहे’ हे वाक्य जमते, म्हणून ‘फॉर’. ‘मी गेली 2022 येथे आहे’ हे जमत नाही, म्हणून ‘सिन्स’.

क्रियापदही बदलते. मराठीत ‘आहे’ पुरते. इंग्रजीत ‘हॅव’ लागते. ‘आय ॲम हिअर सिन्स थ्री इयर्स’ यात दोन चुका आहेत. बरोबर वाक्य असे: ‘आय हॅव बीन हिअर फॉर थ्री इयर्स.’ क्रिया चालू असेल तर ‘इट हॅज बीन रेनिंग सिन्स मॉर्निंग’.

4. नेमके कुठे?

नकाशा वाचायला शिकलेल्या कॅडेटला ॲट, ऑन आणि इन सोपे जावेत. ‘ॲट’ हा बिंदू, ‘ऑन’ ही रेषा किंवा पृष्ठभाग, ‘इन’ म्हणजे सर्व बाजूंनी वेढलेली जागा. ‘ॲट द गेट’, ‘ऑन द रिज’, ‘इन द नाला’. हालचाल असेल तर मराठीच्या प्रत्ययाकडे पाहा. ‘पुलावर’ म्हणजे ‘ऑन द ब्रिज’, पण ‘पुलावरून’ म्हणजे ‘ओव्हर द ब्रिज’. ‘जंगलात’ म्हणजे ‘इन द फॉरेस्ट’, पण ‘जंगलातून’ म्हणजे ‘थ्रू द फॉरेस्ट’. नदीच्या काठाकाठाने ‘अलाँग’ आणि नदी ओलांडून ‘अक्रॉस’.

एवढ्याने काय बिघडते, असे कोणी म्हणेल, तर इतिहास पाहावा. क्रिमियाच्या युद्धात 25 ऑक्टोबर 1854 रोजी बालाक्लाव्हा येथे ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन उंचावर उभे होते. टेकड्यांवरच्या काबीज केलेल्या तोफा रशियन नेत आहेत असे त्यांना वाटले. त्यांनी लेखी हुकूम पाठवला: घोडदळाने त्वरेने ‘टू द फ्रंट’ जावे आणि शत्रूला तोफा नेऊ देऊ नयेत. कोणत्या तोफा, कोणत्या बाजूच्या, हे त्यात नव्हते. घोडदळाचे प्रमुख लॉर्ड लुकन खाली होते. रॅग्लन यांना जे दिसत होते ते त्यांना दिसत नव्हते. शेवटी लाइट ब्रिगेडचे सहाशेहून अधिक स्वार दरीच्या टोकाला मांडलेल्या भलत्याच तोफांवर चालून गेले. तिन्ही बाजूंनी मारा झाला आणि शंभराहून अधिक जण मेले. ‘द गन्स ऑन द हाइट्स टू युवर राइट’ एवढे शब्द हुकुमात असते, तर शंकेला जागा राहिली नसती. आपल्याला दिसते ते ऐकणाऱ्याला दिसत नाही, हे धरूनच बोलावे.

5. नामाला शेपूट, क्रियापदाला नाही

आपण सर्रास ‘डिस्कस अबाउट’, ‘एंटर इन द रूम’, ‘रीच ॲट द कॅम्प’ असे ऐकतो. मराठीत चर्चा ‘-वर’ होते, प्रवेश ‘-त’ होतो, पोहोचणे ‘-ला’ होते. तो प्रत्यय आपण इंग्रजीत नेतो. पण ही क्रियापदे थेट कर्म घेतात: ‘डिस्कस द प्लॅन’, ‘एंटर द रूम’, ‘रीच द कॅम्प’.

गोंधळ होण्याचे आणखी एक कारण आहे. याच शब्दांचे नाम झाले की शब्दयोगी अव्यय येते. ‘दे अटॅक्ड द पोस्ट’, पण ‘ॲन अटॅक ऑन द पोस्ट’. ‘वुई डिस्कस्ड द प्लॅन’, पण ‘अ डिस्कशन ऑन द प्लॅन’. ‘वुई लॅक वॉटर’, पण ‘अ लॅक ऑफ वॉटर’. ‘आय रिक्वेस्ट लीव्ह’, पण ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’. रजेचा अर्ज लिहिताना हे शेवटचे उदाहरण उपयोगी पडेल.

6. ‘ऑन’ आणि ‘अंडर’

आता सुरुवातीच्या वाक्यांकडे वळू. एखादी व्यक्ती एखाद्या कामगिरीत किंवा अवस्थेत असेल तर बहुधा ‘ऑन’ येते: ऑन ड्यूटी, ऑन लीव्ह, ऑन परेड, ऑन अलर्ट. येथे मराठीही मदतीला येते, कारण आपणही ‘ड्यूटीवर’, ‘रजेवर’ असेच म्हणतो. एखाद्या गोष्टीवर बाहेरून काही घडत असेल, ती कशाच्या तरी दाबाखाली किंवा ताब्यात असेल, तर ‘अंडर’ येते: अंडर रिपेअर, अंडर कन्स्ट्रक्शन, अंडर अटॅक, अंडर कंट्रोल. ‘ऑन फायर’ आणि ‘अंडर फायर’ या दोन खुणांनी पाठ करा, विसरणार नाही.

सराव

इंग्रजी करा. उत्तरे झाकून ठेवा.

क) पहारेकरी झाडाला टेकून उभा आहे.
ख) पूल मंगळवारपासून बंद आहे.
ग) दोन गाड्या गेटजवळ येत आहेत.
घ) प्लाटून नदीच्या काठाने चालली आहे.
च) आमच्यावर तीन तासांपासून गोळीबार होत आहे.

उत्तरे

क) द सेंट्री इज लीनिंग अगेन्स्ट अ ट्री.
ख) द ब्रिज हॅज बीन क्लोज्ड सिन्स ट्यूजडे.
ग) टू व्हेइकल्स आर अप्रोचिंग द गेट. ‘अप्रोचिंग’नंतर ‘टू’ नको.
घ) द प्लाटून इज मूव्हिंग अलाँग द रिव्हर.
च) वुई हॅव बीन अंडर फायर फॉर थ्री अवर्स.

रोज प्रेपच्या आधी खिडकीतून दोन मिनिटे बाहेर पाहा आणि मैदानावर जे चालले आहे ते पाच इंग्रजी वाक्यांत शेजारच्याला सांगा. त्याने मात्र खिडकीकडे पाठ करून बसायचे. तुमचे ऐकून त्याने कागदावर मैदानाचे चित्र काढायचे. चित्र जुळले, तर तुमचा संदेश पोहोचला असे समजा.