आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या कुटुंबास आधार

ज्या घरात आत्महत्येने मृत्यू घडतो, त्या घरावर दुःखाबरोबर लोकलज्जेचाही भार येऊन पडतो. अन्य मृत्यूच्या वेळी शेजारी धावून येतात. येथे उंबरठ्यापाशी पावले अडखळतात. ‘आपल्याला आधी कळले कसे नाही?’ हा प्रश्न घरच्या माणसांना रात्रंदिवस छळतो. वस्तुतः अशा मृत्यूस एकच एक कारण क्वचितच असते. मानसिक आजार, व्यसन, कर्ज, कलह, असह्य व्याधी यांपैकी अनेक गोष्टी एकवटलेल्या असतात. सबब गावाने घरातील कोणा एकास, विशेषतः पत्नीस वा सुनेस, परस्पर दोषी ठरविणे अन्यायाचे होय.

अधिकाऱ्यांचे कर्तव्य

अशा मृत्यूची चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 च्या कलम 194 अन्वये होते. पंचनामा व शवविच्छेदन म्हणजे कुटुंबावरील आरोप नव्हे, हे पोलीस व मामलेदार यांनी प्रथमच समजावून सांगावे. जबानी एकांतात व सौम्य शब्दांत घ्यावी. पुढे मृत्यूचा दाखला, निवृत्तिवेतन, बँक यांची कामे उभी राहतात. त्यांत सरपंच व तलाठी यांनी साहाय्य करावे. विम्याविषयी गैरसमज फार आहेत. आयुर्विमा सुरू होऊन बारा महिने उलटले असल्यास केवळ आत्महत्या या कारणाने सामान्यतः दावा फेटाळला जात नाही.

शिक्षकांचे कर्तव्य

मुलांपासून सत्य फार काळ लपत नाही. वयाला साजेल अशा साध्या शब्दांत, तपशील टाळून, घरच्यांनीच ते सांगावे आणि ‘यात तुझा दोष नाही’ हे पुन्हा पुन्हा सांगावे. मूल शाळेत परतेल तेव्हा वर्गात कुजबूज होऊ देऊ नये. ते अबोल झाले, अभ्यासात मागे पडले, तर शिक्षा न करता विचारपूस करावी.

साहाय्य कोठे मिळेल

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांनी शोकग्रस्तांना दिलेला आधार हाच पुढील पिढीसाठी प्रतिबंध होय, असे प्रतिपादिले. कारण मागे राहिलेल्यांच्या मनातही जीव नकोसा होण्याचे विचार येऊ शकतात. तसे कोणी बोलल्यास त्यास एकटे सोडू नये. तातडीच्या वेळी 112 क्रमांकावर कळवावे. केंद्र शासनाने 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू केलेल्या ‘टेली मानस’ सेवेच्या 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य व मराठीतूनही बोलता येते. गोव्यात बांबोळी येथील शासकीय मनोविकार व मानवी वर्तन संस्थेत उपचार मिळतात. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 च्या कलम 115 प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखाली होती असे मानले जाते व तिच्यावर खटला चालविला जात नाही. म्हणून भीतीपोटी उपचार टाळू नयेत.

तथापि पहिली सेवा शेजाऱ्याचीच. बाराव्या दिवसानंतर पाहुणे पांगतात आणि खरा एकांत तेव्हा सुरू होतो. त्या वेळी ‘का केले?’ असे न विचारता जवळ बसावे, गेलेल्या माणसाचे नाव आदराने घ्यावे, आणि महिन्याने पुन्हा जावे.