कोअर थंड, हॉटस्पॉट तापलेला

गेम अडखळायला लागला की पहिला आळ येतो इंटरनेटवर, मग ड्रायव्हरवर आणि शेवटी गेमवर. माझ्याकडे हे तिघेही निर्दोष सुटले. नागपूरचा मे महिना, दुपारची वेळ, ‘सायबरपंक 2077’ सुरू. पहिली काही मिनिटं सगळं सुरळीत चालायचं. मग पंख्यांची घरघर वाढायची, फ्रेम धाडकन खाली यायच्या आणि एखाद्या वेळी स्क्रीन काळी होऊन मशीन रीस्टार्ट व्हायचं. सकाळी तोच गेम बिनतक्रार चालायचा.

ग्राफिक्स कार्डाच्या तापमानावर माझं लक्ष नव्हतं असं नाही. आफ्टरबर्नर हा प्रोग्रॅम स्क्रीनच्या कोपऱ्यात कोअरचा, म्हणजे मुख्य चिपचा, आकडा दाखवत होता: 80 अंश, फार तर 82. घाबरावं असं त्यात काही नव्हतं. दुकानात मशीन एसीच्या गारव्यात, बाजूचं झाकण काढून चालवलं गेलं आणि ‘काही प्रॉब्लेम नाही’ म्हणून परत आलं. दुसऱ्या दुकानाने पॉवर सप्लाय बदलायला सांगितलं. बदलला, फरक पडला तो फक्त खिशाला.

खरी गोम कळली एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये. त्यात कोअरच्या तापमानाखाली ‘हॉटस्पॉट’ नावाची ओळ होती आणि तिथे आकडा होता 108.

ग्राफिक्स कार्डाला एकच तापमान नसतं. चिपमध्ये ठिकठिकाणी सेन्सर असतात. त्यांतल्या सगळ्यात तापलेल्या जागेचा आकडा म्हणजे हॉटस्पॉट; एएमडीच्या कार्डांवर त्याला जंक्शन म्हणतात. मेमरीचं तापमान आणखी वेगळं. कोअर आणि हॉटस्पॉट यांत दहा-पंधरा अंशांचं अंतर असणं नेहमीचंच. ते पंचविसाच्या पुढे गेलं, तर चिपवर हीटसिंक नीट टेकत नाही किंवा मधली थर्मल पेस्ट गेली, असा संशय घ्यावा. माझ्या कार्डावर अंतर होतं सव्वीसचं.

दुरुस्तीवाल्याने माझ्यासमोर कार्ड खोललं. पेस्ट चिपच्या कडांना सरकून तिची खडूसारखी पापडी झाली होती आणि मधोमध चिप आरशासारखी उघडी चमकत होती. मेमरीवरचे पॅड तेलकट होऊन दबले होते. त्याने जुने पॅड मोजले आणि तेवढ्याच जाडीचे नवे लावले. हे मोजणं महत्त्वाचं, कारण पॅड जाड निघाला तर हीटसिंक चिपपासून उचलला जातो आणि दुखणं वाढतं. नव्या पेस्टनंतर त्याच खोलीत, तोच गेम चालवताना हॉटस्पॉट नव्वदीच्या आत आला. वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रूला हात लावण्याआधी कंपनीला विचारा.

यातून मी शिकलो ते एवढंच, की एकटा आकडा काही सांगत नाही. कोअर, हॉटस्पॉट, मेमरी, पंख्याचा वेग आणि क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, हे पाचही एकत्र वाचायचे. कोअर आणि हॉटस्पॉट दोन्ही वर आणि पंखे पूर्ण वेगात असतील, तर धूळ किंवा कॅबिनेटमधली कोंडलेली हवा. दोघांतलं अंतर वाढत असेल तर पेस्ट. कार्ड तापलेलं आणि पंख्याचा वेग शून्य, तर पंखाच गेला. मात्र गेम बंद असताना पंखे थांबलेले दिसले तर दचकू नका. बरीच कार्डं थंड असताना ते मुद्दाम थांबवतात. तापमान चढताना क्लॉक उतरत असेल, तर कार्ड स्वतःला वाचवतंय आणि तुमच्या फ्रेम तिथेच जातायत.

मर्यादा प्रत्येक मॉडेलची वेगळी. आरटीएक्स 3060साठी एनव्हिडियाने कमाल 93 अंश दिले आहेत. आरएक्स 5700 मालिकेत जंक्शन 110पर्यंत जाणं अपेक्षितच आहे, असं एएमडीने 2019मध्ये सांगितलं होतं. म्हणून दुसऱ्याच्या कार्डाशी तुलना करू नका, स्वतःच्या कार्डाचा निरोगी आकडा लिहून ठेवा. नवं कार्ड लावलं की एक जड गेम अर्धा तास चालवा आणि पाचही आकडे टिपा. सोबत खोलीचं तापमानही लिहा. पंख्याचा वेग आणि वीज तेवढीच राहिली, तर खोली दहा अंशांनी तापल्यावर कार्डही साधारण तेवढंच चढतं. डिसेंबरचा 70 आणि मेचा 82 हे एकाच तब्येतीचे असू शकतात. डिसेंबरातच 82 दिसला तर मात्र शोध घ्या.

आकडा पाहायला खर्च नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर वेगळ्या बसवलेल्या कार्डाचं तापमान दिसतं, पण फक्त कोअरचं. हॉटस्पॉटसाठी एचडब्ल्यूइन्फो किंवा जीपीयू-झेड लागतं. काही कार्डांवर ही ओळ दिसतच नाही. तिथे क्लॉक आणि पंख्यांवरून अंदाज बांधावा लागतो.

उतारा बहुधा स्वस्तच असतो. मॉनिटर 60 हर्ट्झचा असेल तर फ्रेम 60वर बांधून टाका. न दिसणाऱ्या फ्रेमसाठी कार्ड राबवण्यात अर्थ नाही. 2010मध्ये ‘स्टारक्राफ्ट 2’च्या नुसत्या मेन्यूवर कार्डं तापत होती, कारण तिथे फ्रेमना लगाम नव्हता; गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डने सेटिंगच्या फाइलमध्ये मर्यादा घालायला सांगितलं होतं. आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिट 80 टक्क्यांवर आणलं तर वेग थोडाच घटतो आणि उष्णता बरीच उतरते. ड्रायव्हर अपडेट केल्यावरही पंख्यांकडे बघा. 2010च्याच मार्चमध्ये एनव्हिडियाला 196.75 हा ड्रायव्हर पंख्यांच्या तक्रारींमुळे मागे घ्यावा लागला होता.

ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरा. हवेच्या झोताने ते भन्नाट फिरलं तर बेअरिंगची वाट लागते. आणि डेझर्ट कूलरचा झोत कॅबिनेटवर सोडू नका. तापमान उतरेल, पण ती ओल बोर्डाला परवडणारी नाही.

एवढं करूनही मशीन बंद पडत असेल, तर एचडब्ल्यूइन्फोमध्ये लॉगिंग चालू करून गेम खेळा आणि मशीनसोबत ती फाइल दुकानात न्या. ‘गरम होतं’ म्हणालात तर झाकण काढून, एसीत चालवून परत मिळेल. बंद पडण्याआधीच्या शेवटच्या मिनिटाचे आकडे समोर ठेवलेत तर तपासणारा थेट कार्डाकडे वळेल, आणि मला पडला तसा पॉवर सप्लायचा भुर्दंड तुम्हाला पडणार नाही.