फूल नसलेले महिने



आजच्या वाचनात गीतेच्या सहाव्या अध्यायातला ३५ वा श्लोक आला. त्याच्या आधी अर्जुन तक्रार करतो की मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. भगवंत त्याचं म्हणणं खोडून काढत नाहीत. मन चंचल आहे हे मान्य करतात आणि दोन उपाय सांगतात : अभ्यास आणि वैराग्य. बरीच वर्षं मला वाटायचं की हे दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एकात करत राहायचं, दुसऱ्यात सोडून द्यायचं. ते एकत्र कसं जमतं, हे मला बाल्कनीतल्या एका कुंडीने शिकवलं. म्हणून आजचा धडा बागकामाचा.

घरी अ‍ॅमरिलिस असेल, म्हणजे आपल्या आज्या ज्याला नुसतं ‘लिली’ म्हणतात ते मोठ्या भोंग्यासारख्या लाल फुलांचं झाड, तर हे खास तुमच्यासाठी.

२०१९ च्या शेवटी आमचं सांगलीचं घर विकलं. निघताना आईने परसातून तीन कंद उकरले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि माझ्या सॅकमध्ये घातले. म्हणाली, “दर उन्हाळ्यात फुलतात. काही करावं लागत नाही.” एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या ऐन भरात, पुण्यात सहाव्या मजल्यावर तिन्ही फुलले. मी फोटो काढले, आईला पाठवले.

मग फुलं सुकली. पट्ट्यासारखी लांब पानं वाढून कठड्यावर लोळायला लागली. व्हिडिओ कॉलमध्ये मागे पसारा दिसतो म्हणून मी ती मुळापासून कापून टाकली. आणि काळजी घ्यायची म्हणून रोज सकाळी पाणी. पावसाळ्यात एक कंद हाताला मऊ लागला, वास यायला लागला. कुजला होता. पुढच्या एप्रिलमध्ये उरलेल्या दोघांना एकही फूल नाही.

आईचा फोन आला, “फूल आलं का रे?” मी “हो” म्हणालो आणि आदल्या वर्षीचा फोटो पाठवून दिला. दोन मिनिटांत तिचा मेसेज : “मागे तुझी सायकल दिसतेय. ती तर तू विकलीस ना?” आणि त्याच्याखाली : “पानं कापलीस का?”

ती रागावली नाही. पण रोज श्लोक वाचून त्यावर चार ओळी लिहिणारा मी, एका फुलासाठी आईशी खोटं बोललो होतो. त्या रात्री मी पहिल्यांदा हे झाड नीट समजून घ्यायला बसलो.

कुंडीतल्या या झाडाचं शास्त्रीय नाव हिप्पीॲस्ट्रम. खरी अ‍ॅमरिलिस दक्षिण आफ्रिकेची, आपली ही दक्षिण अमेरिकेची. नावाचा घोळ जुना आहे, त्यात पडायला नको. कामाची गोष्ट अशी की या कंदाला ओला आणि कोरडा असे दोन्ही काळ मानवतात. सांगलीच्या परसात पावसाळा संपल्यावर त्याला कुणी पाणी घालत नव्हतं, म्हणून तिथे ‘काही करावं लागत नव्हतं’. तिथली जमीन आणि ऋतूच ते काम करत होते. कुंडीत ते आपल्याला करावं लागतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. यंदाचं फूल यंदा तयार होत नाही. पानं ऊन घेऊन अन्न बनवतात, ते कंदात साठतं, आणि साधारण चार पानांमागे एक फुलाची कळी कंदाच्या आत धरते. ती बाहेर यायला पुढे कित्येक महिने जातात. म्हणजे मी जो पसारा म्हणून कापला, तो पुढच्या वर्षीच्या फुलांचा कारखाना होता.

आता महिन्यांप्रमाणे सांगतो. हे पुण्याच्या हवेला धरून आहे, आपापल्या गावाप्रमाणे थोडं पुढे-मागे करा.

एप्रिल-मे : फूल सुकलं की लगेच खुडा, नाहीतर बी धरण्यात ताकद जाते. पोकळ दांडा पिवळा पडला की कंदाच्या वर दोन बोटं ठेवून कापा. पानांना हात लावू नका.

जून ते सप्टेंबर : हा कमाईचा काळ. रोज निदान चार-पाच तास ऊन मिळेल अशी जागा द्या. मातीत बोट घाला, वरचा इंचभर थर कोरडा लागला तरच पाणी. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. पंधरा-वीस दिवसांनी मूठभर गांडूळखत पुरतं. युरियासारखं नत्राचं खत जास्त झालं तर नुसती पानंच माजतात. या दिवसांत काळ्या अंगावर पांढरे-लाल ठिपके असलेल्या अळ्या येतात आणि दोन दिवसांत पानं फस्त करतात. रोज पानं उलटून पाहा, दिसल्या की वेचून काढा.

ऑक्टोबर : खत बंद, पाणी हळूहळू कमी.

नोव्हेंबर ते जानेवारी : आठ ते दहा आठवडे पाणी पूर्ण बंद. कुंडी कोरड्या, थंड कोपऱ्यात ठेवा. पानं पिवळी पडतील, पडू द्या. पूर्ण वाळली की काढा. काही पानं हिरवी राहिली तरी चालतं. मुंबईत थंडी फारशी नसते, पण कोरडी विश्रांती तिथेही उपयोगी पडते. कंद फ्रिजमध्ये फळांशेजारी मात्र ठेवू नका. पिकणाऱ्या फळांमधून निघणाऱ्या वायूने आतली कळी खराब होऊ शकते.

फेब्रुवारी : वरची इंचभर माती काढून नवं खत-माती भरा, एकदा नीट पाणी द्या आणि उजेडात आणा. कोंब दिसेपर्यंत पुन्हा पाणी अगदी बेताचं.

कुंडी मोठी नको. कंद आणि कड यांच्यात दोन बोटं जागा पुरे. कंदाचा वरचा तिसरा हिस्सा मातीच्या वर राहू द्या, पूर्ण पुरला तर कुजतो. कुंडी तीन-चार वर्षांनी बदलली तरी चालते. आणि घरात लहान मूल, कुत्रा, मांजर असेल तर जपा, हा कंद विषारी असतो.

यात मला सगळ्यात अवघड काय गेलं असेल? डिसेंबरमध्ये पाणी न घालणं. रोज सकाळी हात आपोआप मगाकडे जायचा. वाळलेली पानं बघून वाटायचं, मेलं बहुतेक. पाणी घातलं असतं तर मला बरं वाटलं असतं, कंदाला नाही. तेव्हा लक्षात आलं की माझी ती ‘काळजी’ बरीचशी माझ्याच अस्वस्थतेची होती.

पावसाळाभर पानं उलटून पाहणं हा अभ्यास. हिवाळ्यात मग खाली ठेवणं हे वैराग्य. दोन्ही त्याच कुंडीसाठी होतं. नामस्मरणाला बसल्यावर ‘आज काही जाणवलं नाही’ म्हणून आपण कंटाळतो, तेव्हा मला ही कुंडी आठवते.

२०२२ मध्येही फूल आलं नाही. दोघांनाही नुसती पानं, पण रुंद आणि गडद. या वेळी आईला खरं सांगितलं. “येईल,” एवढंच म्हणाली.

एप्रिल २०२३ मध्ये एका कंदातून चपट्या टोकाचा जाड कोंब वर आला. पान असं नसतं, हे मला एव्हाना कळत होतं. चार फुलं आली. फोटो काढताना कुंडीला टेकवून त्या दिवशीचं वर्तमानपत्र ठेवलं, तारीख दिसेल असं. आई खूप हसली असावी, कारण मेसेजमध्ये आधी नुसते हसरे चेहरे होते. मग एक ओळ आली : “आता पानं ठेव.”

आजचा छोटा अभ्यास : घरात फूल नसलेली एखादी कुंडी असेल तर मातीत बोट घालून बघा. तिला आज पाणी हवंय, की नकोय?

राम कृष्ण हरी.