भंगारातून घडलेले यंत्र

तांब्याचा हंडा फुटला, तर तो कोणी उकिरड्यावर फेकून देत नाही. तो मोडीत जातो, वितळतो आणि नव्या भांड्याच्या रूपाने पुन्हा कोणाच्या तरी घरात येतो. प्लॅस्टिकची बादली फुटली म्हणजे मात्र तिची गत निराळी होते. वास्तविक बादलीचे प्लॅस्टिकही तापविले असता मऊ होते आणि साच्यात थंड केले असता हवा तो आकार घेते. असे असूनही, १९५० पासून २०१५ पर्यंत जगात जेवढे प्लॅस्टिक टाकाऊ झाले, त्यापैकी शेकडा सुमारे ९ भागच पुन्हा उपयोगात आले, असा हिशेब शास्त्रज्ञांनी २०१७ साली मांडला. असे का व्हावे?

नेदरलँड्समधील आइंडहोव्हन या शहरी, निरनिराळ्या वस्तूंची रचना कशी करावी हे शिकविणारी एक नामांकित संस्था आहे. डेव्ह हाकेन्स हा तेथील विद्यार्थी. शिक्षणाच्या अखेरच्या प्रकल्पासाठी त्याने हाच प्रश्न निवडला आणि तो प्लॅस्टिकच्या वस्तू करणाऱ्या कारखान्यांत चौकशीस गेला. तेथे त्याला आढळून आले की, कारखानदारांना जुने प्लॅस्टिक नकोच असते. त्यांची यंत्रे महाग व काटेकोर. जुन्या मालाबरोबर एखादा खडा किंवा परक्या जातीचा तुकडा आत गेला, तर यंत्र बिघडावयाचे आणि काम मंदावयाचे, ही त्यांची धास्ती. ती अगदीच निराधार होती, असे म्हणता येत नाही.

तेव्हा डेव्हने विचाराची दिशाच बदलली. मोठ्या यंत्राला जुने प्लॅस्टिक चालत नसेल, तर ते चालवून घेणारे लहान यंत्र का करू नये? शिवाय ते असे असावे की, कोणत्याही गावच्या कारागिराला भंगारातील व बाजारातील साध्या भागांतून ते उभारता यावे. २०१३ साली त्याने अशी यंत्रे तयार केली आणि या उपक्रमाला ‘प्रेशस प्लॅस्टिक’, म्हणजे ‘मोलाचे प्लॅस्टिक’, असे नाव दिले. २०१६ साली त्यांची सुधारलेली आवृत्ती निघाली. तीत चार यंत्रे होती.

पहिले यंत्र तुकडे करणारे. दुसऱ्यात एक तापलेली नळी असते व तिच्यात मळसूत्र फिरत राहते; त्यामुळे तुकडे पुढे सरकता सरकता वितळतात आणि तोंडातून अखंड दोरीसारखे बाहेर पडतात. हे मळसूत्र म्हणजे, गंमत अशी की, सुताराचे मोठे गिरमिटच होय! तिसरे यंत्र पाहून तुम्हांला चकलीच्या सोऱ्याची आठवण होईल. तरफ दाबली की वितळलेले प्लॅस्टिक साच्यात शिरते. चौथ्यासाठी जुनी विजेची भट्टी घेतलेली असून, साचा दाबण्याकरिता मोटार उचलण्याचा जॅक लावलेला आहे.

या सर्व यंत्रांचे आराखडे डेव्हने कोणासही विनामूल्य खुले केले. पुढे अनेक देशांतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी गट करून अशी यंत्रे उभारावयास घेतली. आराखडा हाती असला म्हणजे सारे सोपे, असे मात्र नाही. तुकडे करणाऱ्या यंत्राचेच पाहा. पाती वेगाने फिरविली तर माल चांगला कापला जाईल, असे प्रथम वाटते. पण मालाचा जाड तुकडा वेगवान पात्यावरून उडतो, नाहीतर पात्यांत अडकून मोटर थांबते. दातेरी चाके लावून वेग कमी केला, की त्याच मोटरचा जोर वाढतो. आणि जात्यासारख्या संथ गतीने फिरणारी पाती बाटलीचे जाड झाकणही सहज कुरतडतात. खाली चाळण बसवावी लागते, म्हणजे मोठा तुकडा पुन्हा पात्यांकडे जातो. माल टाकण्याचे तोंड खोल ठेवावे लागते, कारण कोणाचा हात पात्यांपर्यंत पोहोचता कामा नये. गटातील एक जण पात्यांचे गणित करतो, दुसरा विजेची जोडणी पाहतो, तिसरा साचा घडवितो. आणि एकाचे चुकले तर तिघांचेही काम अडते.

याहून कठीण काम यंत्राच्या बाहेरच असते. प्लॅस्टिकच्या जाती अनेक. पॉलिथीन सुमारे १३० अंश सेल्सिअसला वितळते, तर पाण्याच्या बाटलीचे पेट सुमारे २५० अंशांना. दोन्ही एकत्र तापविली तर ना धड हे, ना धड ते. त्यांना वेगळे करण्याची एक सोपी युक्ती आहे. तुकडे पाण्यात टाकले की पॉलिथीन तरंगते व पेट बुडते. पीव्हीसीही बुडते, आणि खरा धोका तेथेच आहे. ते फार तापले तर फुप्फुसांना अपायकारक व लोखंडाला गंज चढविणारा आम्लवायू बाहेर पडतो. म्हणून नळीचे तापमान मोजणारे उपकरण व धूर ओढून नेणारा पंखा यांवाचून शहाणा गट यंत्र सुरूच करीत नाही. घरी चुलीवर प्लॅस्टिक वितळवून पाहण्याच्या भरीस तुम्ही मुळीच पडू नका.

आणखी एक अडचण उरते. दर वेळी वितळताना प्लॅस्टिकची बळकटी थोडी कमी होते. म्हणून नव्या मालाची एक पट्टी करून ती तुटेपर्यंत ताणून पाहतात. फुटलेल्या बादलीची पुन्हा बादली होईल, की नुसती फुलझाडाची कुंडी, हे ती पट्टी किती ताण सोसते त्यावरून ठरते.