‘एक्स’ घरांच्या दारात

मुंबईच्या पूर्व उपनगरांतल्या आरोग्यकेंद्रांवर वैद्यकीय अधिकारी म्हणून माझी नोकरी झाली. डिसेंबर १९९५मध्ये पल्स पोलिओ सुरू झाला तेव्हा मी नवी होते आणि २०२२च्या गोवराच्या साथीत निवृत्तीला आले होते. मधल्या काळात लस नको म्हणणारे कितीतरी आईबाप, आजीआजोबा भेटले. त्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं मला कधीच पटलं नाही. त्यांच्या शंकेमागे बहुतेक वेळा सरकारशी आणि पुढाऱ्यांशी असलेला जुना हिशेब असायचा. त्या लोकांनी मला जे शिकवलं ते इथे लिहिते आहे.

१. नकारामागचं गाऱ्हाणं आधी ऐकावं.

पोलिओच्या रविवारी बूथवर डोस दिले जात आणि सोमवारपासून आमची पथकं घरोघर फिरत. डोस घेतलेल्या मुलाच्या डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण व्हायची. घरातल्या सगळ्या मुलांना डोस मिळाला की दारावर खडूने ‘पी’ लिहायचं. एखादं मूल राहिलं, की ‘एक्स’. ही ‘एक्स’ घरं पुन्हा गाठणं हे माझ्यासारखीचं काम.

अशाच एका दारात एक आजी उभ्या होत्या. “मुलं गावाला गेलीत,” म्हणाल्या. उंबऱ्याशी दोन इवल्याशा चपला पडल्या होत्या. माझ्यासोबतची आरोग्यसेविका त्याच गल्लीत राहणारी. चपलांबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही. “चाची, पाणी द्या थोडं,” म्हणत ती खाली बसली. मीही बसले. पाण्यावरूनच विषय निघाला. नळाला पाणी रात्री तीनला येतं, कधी येतच नाही, गटार महिनोन् महिने तुंबलेलं. मग आजींनी मला सरळ विचारलं, “नळासाठी अर्ज करून करून आमचे हात दुखले. तुमचे थेंब मात्र न मागता येतात, पुन्हा पुन्हा येतात. न मागता सरकार आम्हाला काय देतं, डॉक्टर?”

या प्रश्नाला माहितीपत्रकात उत्तर नव्हतं. मी म्हणाले, गटाराचं तुमचं म्हणणं खरं आहे आणि थेंब पुन्हा पुन्हा द्यावे लागतात त्याचं एक कारण तेच आहे. पोलिओचा विषाणू विष्ठेतून घाणीत आणि घाणीतून तोंडात जातो. जिथे मुलांना सारखे जुलाब होतात, आतड्यात इतर जंतूंची गर्दी असते, तिथे तोंडावाटे दिलेली लस दोन-तीन डोसांत नीट लागू पडत नाही. मग कुपी काढून तिच्या लेबलवरचं वर्तुळ आणि त्यातला चौकोन दाखवला. चौकोन वर्तुळापेक्षा फिका, म्हणजे लस उष्णतेने बिघडलेली नाही. चौकोनाचा रंग वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला की ती टाकून द्यायची. आजींनी कुपी हातात घेऊन उजेडात धरली, बराच वेळ पाहिली. आतून धाकटी नात बाहेर आली आणि तिने डोस घेतला. थोरल्याला “पुढच्या वेळी” म्हणाल्या. दारावर ‘एक्स’ तसाच राहिला, पण पुढच्या फेरीत ते दार आमच्यासाठी उघडंच होतं.

२. लोक विसरत नाहीत.

थेंबांनी मुलं पुढे वांझ होतात, ही अफवा मी वर्षानुवर्षं ऐकली. तिला शास्त्रीय आधार शून्य. पण ती याच रूपात का आली, हे समजून घ्यायला १९७६ आठवावं लागतं. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या कितीतरी धाकदपटशाने. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून कायदा झाला नाही. त्या वेळी ज्यांना कॅम्पात नेलं ती माणसं माझ्या नोकरीच्या काळात आजोबा झाली होती. पांढऱ्या कोटातलं कुणी सरकारी पेटी घेऊन नातवाजवळ आलं की त्यांच्या पोटात गोळा यायचा. “अफवांवर विश्वास ठेवू नका” असं भिंतीवर रंगवून तो गोळा विरघळत नाही. “तेव्हा जे झालं ते वाईटच झालं” हे आधी आपल्या तोंडून यावं लागतं. सरकारी नोकरीत असताना हे वाक्य म्हणणं सोपं नव्हतं. मी ते म्हणत आले आणि त्याचा उपयोग होताना पाहिला.

२००२ साली देशात पोलिओचे १,६०० रुग्ण सापडले. त्यांतले तीन चतुर्थांशांहून अधिक उत्तर प्रदेशातले होते, आणि त्या राज्यात आणीबाणीतल्या नसबंदीच्या आठवणी खोल रुतलेल्या होत्या. तिथे पुढे अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया यांसारख्या संस्थांची मदत घेतली गेली, मशिदींतून घोषणा झाल्या. जोडीला त्या भागात अधिक गुणकारी ठरणारी नवी लसही आली. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला.

३. जबरदस्तीने दार उघडतं, पण पुढच्या वेळी ते आतून बंद होतं.

याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. १८९७ साली प्लेगच्या वेळी पुण्यात प्लेग अधिकारी रँड याच्या हाताखालचे गोरे शिपाई घरांत घुसले, देवघरापर्यंत गेले, माणसांना ओढून छावण्यांत नेलं. लोक रुग्ण लपवू लागले. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्याच वर्षी १० जानेवारीला भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली होती. खोजा समाजाचे तरुण धर्मप्रमुख आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर ती टोचून घेतली आणि त्यांच्या मागोमाग माणसं पुढे आली. साथ तीच, वर्ष तेच. माणसं कुणाच्या पाठोपाठ चालतात, ते यात दिसतं. परळच्या हाफकिन संस्थेत प्रशिक्षणाला गेले की दर वेळी मला हे आठवायचं.

४. पुढाऱ्याने स्वतःच्या मुलाबद्दल गप्प बसू नये.

माझी धाकटी बहीण लग्नानंतर लंडनला गेली. तिची मुलगी वर्षाची झाली तेव्हा, म्हणजे २००१च्या अखेरीस, तिकडे गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एमएमआर या एकत्रित लशीवरून वादळ उठलं होतं. १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरने ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अवघ्या १२ मुलांच्या निरीक्षणांवरून या लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवला होता. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचं सरकार लस सुरक्षित आहे म्हणून सांगत होतं. त्यांचा धाकटा मुलगा तेव्हा दीड वर्षाचा. त्याला लस दिली का, असं पत्रकारांनी विचारलं, तर ब्लेअर यांनी ही कुटुंबाची खासगी बाब आहे म्हणून उत्तर द्यायचं नाकारलं.

बहिणीचा फोन आला. “ताई, दिली असेल तर सांगायला काय होतं त्यांना?” मी तिला वेकफिल्डच्या निबंधातल्या उणिवा समजावल्या. तिचं लक्ष नव्हतं. शास्त्राचं उत्तर तिच्याकडे होतं. तिला त्या माणसाचं उत्तर हवं होतं. तिने लस दिली, पण कित्येक महिने उशिराने, आणि तोवर दर तापाला तिचा जीव टांगणीला लागायचा. २००३-०४पर्यंत इंग्लंडमध्ये दोन वर्षांच्या मुलांमधलं एमएमआरचं प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास घसरलं. दरम्यान डेन्मार्कमधल्या पाच लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात स्वमग्नतेशी काही संबंध सापडला नव्हता. मुलाला लस दिली होती हे ब्लेअर यांच्या पत्नीने सांगितलं ते २००८मध्ये. ‘लॅन्सेट’ने तो निबंध २०१०मध्ये मागे घेतला. वेकफिल्डचा वैद्यकीय परवानाही त्याच वर्षी रद्द झाला.

मुलाचं खासगीपण जपण्याचा हक्क मला मान्य आहे. पण लाखो आईबापांना जो “तुमच्या मुलाला द्या” म्हणतो, त्याला “तुमच्या मुलाला दिली का” हा प्रश्न झटकता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

अर्थात मूल कॅमेऱ्यासमोर आणलं की काम झालं, असंही समजू नये. त्याच ब्रिटनमध्ये १९९० साली गाईगुरांच्या मेंदूच्या रोगाची भीती पसरली, तेव्हा कृषिमंत्री जॉन गमर यांनी गोमांस सुरक्षित आहे हे दाखवायला आपल्या चार वर्षांच्या लेकीसमोर कॅमेऱ्यादेखत बर्गर धरला. १९९६ला सरकारलाच कबूल करावं लागलं, की माणसांमधल्या एका नव्या जीवघेण्या आजाराचा त्या रोगाशी संबंध असण्याची शक्यता दाट आहे. एमएमआरच्या वेळी “सरकार सांगतंय म्हणजे खरं” यावर ब्रिटिश पालकांचा विश्वास का उरला नव्हता, हे या घटनेवरून कळतं. गोमांसाबद्दल दिलेल्या खोट्या धीराची किंमत लशीला मोजावी लागली.

५. बॅनर कमी, पायपीट जास्त.

बूथच्या मागे एका पक्षाच्या पुढाऱ्याचा मोठा फोटो लागला, की दुसऱ्या पक्षाच्या गल्लीतली मुलं कमी यायची. फोटो उतरवायला सांगण्याचं धाडस आमच्यात क्वचितच कुणी करायचं. याच्या उलट एक नगरसेविका मी पाहिल्या. त्या हारतुऱ्यांशिवाय सकाळी नऊला यायच्या, यादी हातात घेऊन ‘एक्स’ घरांत आमच्याबरोबर फिरायच्या, गटाराची तक्रार वहीत लिहून घ्यायच्या आणि पुढच्या फेरीच्या आत निदान एक तरी तक्रार मार्गी लावायच्या. त्यांच्या वॉर्डात आम्हाला समजावणी फारशी करावी लागली नाही.

६. चूक झाली तर ती आपण सांगावी, आणि त्याच दिवशी सांगावी.

३१ जानेवारी २०२१ला यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी तालुक्यात १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात स्वच्छ करायचं सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं रुग्णालयात ठेवावी लागली, सुदैवाने सगळी बचावली, जबाबदार कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. दुसऱ्या दिवशी तिथून शेकडो किलोमीटर लांब आमच्या केंद्रावर आया तोच प्रश्न घेऊन आल्या. माझ्या सहकाऱ्यांना वाटत होतं, विषय टाळावा. आम्ही तो टाळला नाही. झालं ते खरं आहे, असं सांगितलं. मग प्रत्येक कुपी आईला दाखवून, लेबल वाचून मगच उघडायला लागलो. काम सावकाश झालं, रांग लांबली, पण त्या दिवशी कुणी परत गेलं नाही.

हेच तापाचं. पाच रोगांवरच्या पेंटाव्हॅलंट लशीच्या सुईनंतर बाळाला ताप येऊ शकतो, मांडी सुजू शकते. हे आधी सांगितलं तर आई रात्र काढते. सांगितलं नाही, तर बाप रात्रभर जागतो, सकाळची टॅक्सीची पाळी बुडते आणि पुढची सुई त्या घरात होत नाही.

७. २०२२चा गोवर.

ऑक्टोबर २०२२च्या अखेरीस गोवंडीत मुलं दगावली, केंद्राचं पथक आलं, पाठोपाठ भिवंडी, मालेगावहून बातम्या येऊ लागल्या. गोवराचा एक रुग्ण, लस न घेतलेल्या वस्तीत, १२ ते १८ जणांना लागण देऊ शकतो. साथ रोखायची तर ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस मिळालेले हवेत. टाळेबंदीत सत्रं बुडाली होती, लोक गावी जाऊन आले होते, कार्डं गावीच राहिली होती. नोव्हेंबरात ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना जादा डोस द्यायचं ठरलं. जिथे फार लहान बाळांनाही गोवर होत होता, तिथे सहाव्या महिन्यापासून.

वर्तमानपत्रांत “पालकांचा नकार” हा शब्द फार आला. मला त्या वस्तीत आणखी एक गोष्ट दिसत होती. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ला संपली होती आणि निवडणूक झालेली नव्हती. त्या हिवाळ्यात मुंबईत एकही नगरसेवक नव्हता. रात्री अकराला ज्याच्या दारात जाऊन ओरडावं, ज्याने फोन फिरवून खाट मिळवून द्यावी, ज्याने “माझ्या नातवालाही दिली, चला” म्हणावं, ते पदच रिकामं होतं. काही माजी नगरसेवक आपणहून आले, मनापासून फिरले. पण गटार, नळ, कचरा यांचा शब्द ते देऊ शकत नव्हते आणि लोकांना ते ठाऊक होतं. प्रशासनातली माणसं रात्रंदिवस राबली, त्यात मीही होते. राबणारा आणि जाब देणारा यांत फरक असतो, तो मी त्या महिन्यांत फार जवळून पाहिला. साथीच्या काळात निवडून आलेला माणूस जागेवर असणं हा आरोग्याचा प्रश्न आहे, आणि तो तसा कुणी मांडत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

८. आता फोनवर येणारे प्रश्न.

निवृत्तीनंतर मला फोन येतात ते मुख्यतः शिकलेल्या घरांतून. व्हॉट्सॲपवर कुठल्यातरी परदेशी पुढाऱ्याचा व्हिडिओ फिरतो आणि कल्याणच्या सोसायटीतली आई घाबरते. मी तिला आधी विचारते, नेमकी कशाची भीती वाटते? स्वमग्नतेची असेल, तर वेकफिल्डची गोष्ट पहिल्यापासून सांगते. “एवढ्या सुया का?” असेल, तर कार्डाचा फोटो मागवून एकेका सुईपुढे रोगाचं नाव लिहून देते. तिचा पुढाऱ्यांवर विश्वास नसेल, तर ठेव असा आग्रह मी धरत नाही. तिच्या जवळच्या आरोग्यकेंद्रातल्या परिचारिकेला भेट, कुपी बघायला माग, सुईनंतर अर्धा तास तिथेच बस, एवढं सांगते. आणि गोवर-रुबेलाच्या तारखा देते: पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. राहून गेला असेल तर मूल पाच वर्षांचं होईपर्यंत सरकारी केंद्रात मिळतो, त्याला पैसे पडत नाहीत. कार्ड हरवलं असलं, तरी जा.