खारपाणपट्ट्यातील मूत्राश्मरी : पाणी, मीठ आणि आपला सल्ला

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून जाणारा खारपाणपट्टा विदर्भातील वैद्यांना अपरिचित नाही. या भागातून आलेला अश्मरीचा रुग्ण समोर बसताच ‘आमच्याइकडलं पानीच खारं हाय’ असे स्वतःच निदान सांगतो. आपणही मान डोलावतो आणि दूध बंद करावयास सांगून मोकळे होतो. रुग्णाचे निदान अर्धे बरोबर असते. आपला सल्ला मात्र बहुधा चुकीचा असतो.

पाण्याचे काठिण्य व पाण्याचा खारेपणा या भिन्न गोष्टी होत. काठिण्य कॅल्शियम व मॅग्नेशियममुळे येते. भारतीय मानकानुसार (आयएस १०५०० : २०१२) त्याची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम, व दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम आहे. भांड्यावर पांढरा थर धरणारे पाणी वृक्कातही थर धरत असेल, हा तर्क स्वाभाविक असला तरी कठीण पाण्याने अश्मरी होते असे निश्चितपणे सिद्ध झालेले नाही. खारेपणात सोडियमचा वाटा मोठा असतो आणि खरी अडचण तेथे आहे. वृक्क सोडियम बाहेर टाकताना त्यासोबत कॅल्शियमही मूत्रात सोडतात. रोज ६ ग्रॅम मीठ जादा पोटात गेले, तर मूत्रातील कॅल्शियम सरासरी ४० मिलिग्रॅमने वाढते. त्यात ठेचा, लोणचे, पापड यांची भर. शिवाय खारे पाणी पिववत नाही; म्हणून माणूस मुळात पाणीच कमी पितो.

सुश्रुतांनी निदानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात अश्मरीसाठी नव्या घड्याचा दृष्टांत दिला आहे. स्वच्छ पाणीही त्यात काही काळ राहिले की तळाशी गाळ धरते. मला हा दृष्टांत नेहमी मूत्राच्या संहततेकडे व ते साचून राहण्याकडे लक्ष वेधणारा वाटतो. वैशाखात निंदण-वखरणाला गेलेल्या मजुराला दिवसातून दोनदाच मूत्रप्रवृत्ती होते. स्त्रियांची स्थिती याहून बिकट असते. शेतात आडोसा नाही म्हणून त्या वेगधारण करतात, आणि वेग येऊ नये म्हणून पाणी टाळतात. ही माहिती विचारल्याशिवाय मिळत नाही. ती स्त्रीवैद्याने किंवा परिचारिकेने विचारावी हे उत्तम.

दुधाच्या पथ्याविषयी. आहारातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते. ते कमी केले की ऑक्झलेट अधिक शोषले जाते. इटलीत कॅल्शियम-ऑक्झलेट अश्मरी वारंवार होणाऱ्या व मूत्रात कॅल्शियम अधिक असलेल्या १२० पुरुषांचा पाच वर्षे अभ्यास होऊन २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅल्शियम कमी केलेल्या ६० जणांपैकी २३ जणांना पुन्हा अश्मरी झाली; कॅल्शियम नेहमीइतके ठेवून मीठ व मांसाहार कमी केलेल्या ६० जणांपैकी १२ जणांना. तेव्हा जेवणासोबत वाटीभर ताक, बिनमिठाचे, खुशाल द्यावे. लिंबूपाणीही तसेच. लिंबातील सायट्रेट अश्मरीला प्रतिबंधक आहे, पण आपल्याकडे सरबतात चिमूटभर मीठ पडतेच. ते टाळावयास मुद्दाम सांगावे लागते.

‘भरपूर पाणी प्या’ या वाक्याचा उपयोग होत नाही. मी रुग्णाला पाच लिटरचा रिकामा डबा देऊन एक पूर्ण दिवसाचे मूत्र मोजावयास सांगतो. ते दोन ते अडीच लिटर भरले पाहिजे. आकडा स्वतः पाहिल्यावर रुग्णाला अधिक समजावून सांगावे लागत नाही. अर्थात शोथ, हृद्रोग किंवा वृक्कदौर्बल्य असलेल्यास हा सल्ला देऊ नये.

वरुण, गोक्षुर, पाषाणभेद, कुळीथ यांचे काढे आपण सर्वच वापरतो व वापरावेत. परंतु ५ मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात, हे श्रेय घेताना ध्यानी असावे. सुश्रुतांनीही नवी अश्मरी औषधसाध्य आणि वाढलेली शस्त्रसाध्य मानली आहे. काही वर्षांपूर्वी मूत्रवाहिनीत ९ मिलिमीटरचा खडा असलेल्या एका शेतमजुराला मी काढा दिला. पंधरा दिवसांत वेदना थांबली. खडा पडला असे मी मानले व पुन्हा सोनोग्राफी केली नाही. चार महिन्यांनी तो थकवा घेऊन आला, तेव्हा खडा जागीच होता आणि त्या बाजूचे वृक्क निकामी झाले होते. चूक माझी होती. आता वेदना थांबो वा न थांबो, चार आठवड्यांनी तपासणी झाल्याखेरीज मी उपचार पुढे नेत नाही. ज्वर, मूत्रावरोध किंवा एकच वृक्क असेल तर रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवतो.

औषधालय चालविणाऱ्यांसाठी एक विनंती. श्वेतपर्पटीत सोरा असतो, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. यवक्षारातही पोटॅशियम आहे. वृक्कांची शक्ती घटलेल्या रुग्णात, तसेच रक्तातील पोटॅशियम वाढविणाऱ्या रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असताना, हे क्षार हृदयाची गती बिघडवू शकतात. ‘खड्याची पुडी द्या’ म्हणणाऱ्या ग्राहकाकडे चिठ्ठी नसेल, तर क्रिएटिनिनचा अहवाल आणि चालू गोळ्यांची पट्टी पाहावयास मागावी; दोन्ही नसल्यास पुडी न देता त्याला वैद्याकडे पाठवावे.