संशोधनाचा गौरव आणि त्याच्या शाखा

विद्यापीठांतून व प्रयोगशाळांतून चालणाऱ्या संशोधनाचा गौरव करावयाचा झाल्यास प्रथम त्याची वर्गवारी करावी लागते. गणितातील सिद्धान्त आणि गव्हाचे नवे वाण एकाच तागडीत तोलता येत नाहीत. परंतु शाखा एकदा ठरल्या, की काही कार्य सहज नजरेत भरते व काही नजरेआड राहते. आपल्या देशातील विज्ञान पारितोषिकांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने डॉ. शांतिस्वरूप भटनागर यांच्या स्मरणार्थ सुरू केलेले पारितोषिक १९५८ मध्ये प्रथम देण्यात आले. ते भौतिकीतील कार्याबद्दल डॉ. के. एस. कृष्णन यांना मिळाले. पुढे भौतिक, रासायनिक, जीव, गणित, वैद्यक, अभियांत्रिकी व पृथ्वी-वातावरण-सागर विज्ञाने अशा सात शाखा झाल्या. कलकत्ता विद्यापीठातील डॉ. असीमा चॅटर्जी १९६१ मध्ये रसायनशास्त्रासाठी हा मान मिळविणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. महाराष्ट्राला परिचित असलेली नावे सांगावयाची, तर डॉ. जयंत नारळीकर यांना ते १९७८ मध्ये व डॉ. रघुनाथ माशेलकर यांना १९८२ मध्ये लाभले.

या सातांत शेती नव्हती. कृषिप्रधान म्हणविणाऱ्या देशात ही उणीव सहज ध्यानात येणारी आहे. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांचा १९६१ मध्ये गौरव झाला, तो जीवविज्ञानाच्या शाखेत. कृषी संशोधन परिषदेचे रफी अहमद किदवई पारितोषिक होते, हे खरे. पण त्यामुळे शेतीचे शास्त्र हे इतर शास्त्रांच्या पंक्तीबाहेरचे काही आहे, अशीच समजूत दृढ झाली असावी.

२०२३ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार सुरू केले. त्यांत तेरा क्षेत्रे असून कृषिविज्ञान व पर्यावरणविज्ञान यांना स्वतंत्र स्थान आहे. विज्ञानरत्न आजीवन कार्यासाठी, विज्ञानश्री विशेष योगदानासाठी आणि विज्ञान युवा पंचेचाळीस वर्षांपर्यंतच्या संशोधकांसाठी असून, या तिसऱ्या पुरस्काराशी भटनागर यांचे नाव जोडलेले आहे. चौथा विज्ञान टीम पुरस्कार तीन वा अधिक जणांच्या संघास मिळतो. हा चौथा प्रकार विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण आजचे बहुतेक संशोधन एकट्याच्या हातून होत नाही. २०२४ मध्ये तो चांद्रयान-३ च्या संघास देण्यात आला. त्याच वर्षी डॉ. जी. पद्मनाभन पहिले विज्ञानरत्न झाले. २०२५ मध्ये हा बहुमान नारळीकरांना मरणोत्तर जाहीर झाला.

मात्र समाजशास्त्रे, इतिहास व भाषा यांना या तेरांत नावाने स्थान नाही. सामाजिक शास्त्रांसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र संशोधन परिषद स्थापन झाली व प्रा. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले अध्यक्ष झाले. गाडगीळांनी वाई तालुक्यातील शेती व्यवसायाची केलेली पाहणी शेतकऱ्याचा जमाखर्च मांडणारी होती. शेतीविषयीच असूनही ती प्रयोगशाळेतील नव्हती. तशी पाहणी आज एखाद्या प्राध्यापकाने केली, तर तिला तेराव्या, ‘इतर’ या क्षेत्रातच जागा शोधावी लागेल, आणि तेथेही ती मिळेलच असे नाही.